आमच्या सर्व्हरला सगळे पाडे ठाऊक होते

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, सख्ख्या भावाच्या नाही. ज्या मित्राबरोबर रोज सकाळी शहापूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पितो, त्याला मी ही गोष्ट पन्नास वेळा सांगितली आहे — पण वेगळी करून. ती ऐकली की तो माझ्या बाजूने चिडतो, समोरच्यांना शिव्या घालतो. मला ते बरं वाटतं. खोट्या गोष्टीवर खरी सहानुभूती मिळते तेव्हा ती गोड लागत नाही असं कोण म्हणेल? लागते. मी वर्षानुवर्षं खाल्ली आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा वैशाखऱ्याचा. घर आता मुरबाडला, ऑफिस शहापूरला, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर. वेबसाइट आणि सॉफ्टवेअरची कामं करतो. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, धंदाही कुणी लावून दिला नाही. जे मिळालं ते भांडून मिळालं. सौदा करताना मी कुणाला ऐकत नाही आणि आवाज चढायला मला फार वेळ लागत नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे — ते लपवून काय करू?

मित्राला सांगतो ती गोष्ट अशी. एका सेवाभावी संस्थेचं काम आम्हाला मिळालं. उन्हाळ्यात ही संस्था गावोगाव पाण्याचे टँकर पाठवायची. गावातल्या माणसाने मोबाइलवर पान उघडायचं, गाव निवडायचं, बटण दाबायचं, टँकरची नोंद व्हावी. पान आम्ही बनवलं. नोंदी ठेवणारा सर्व्हर त्यांचा. त्यांनी आम्हाला त्या सर्व्हरला हात लावू दिला नाही, म्हणून आम्हाला खोट्या सर्व्हरवर तपासणी करावी लागली. पुढे घोळ झाला, नाव आमचं खराब झालं, आणि पुढचं काम त्यांनी मोठ्या शहरातल्या कंपनीला दिलं. गावाकडच्या माणसाला कोण विचारतो?

यातलं पुढच्या कामाचं तेवढं खरं आहे.

तपासणी कशी करतात ते सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. ब्राउझरची टेस्ट म्हणजे एक प्रोग्राम. तो स्वतःच पान उघडतो, गावाचं नाव निवडतो, फोन नंबर भरतो, बटण दाबतो आणि पानावर काय उमटलं ते वाचतो. बरोबर उमटलं तर हिरवी ओळ, चुकलं तर लाल. माणसाचा हात लागत नाही. सुगंधाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती खुर्ची मागे सारून म्हणाली होती, “दादा, भूत लागलं गो माय याला!”

सुगंधा म्हणजे माझ्याकडे टेस्ट लिहिणारी मुलगी. तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. पाड्याचं नाव लिहीत नाही. चाळीसेक घरं, टेकाडावर. खाली धरणाचं पाणी चमकताना दिसतं आणि चैत्र संपता संपता वरचे झरे आटतात. ती पाड्यातली पहिली पोरगी जी कॉम्प्युटरवर बसून पगार घरी नेत होती. माझ्याकडे आली तेव्हा टाइप करताना जीभ बाहेर यायची तिची. दोन वर्षांत मला चुका दाखवायला लागली.

तर बटण दाबल्यावर उत्तर कुणी द्यायचं? खरा सर्व्हर संस्थेचा, तो लांब. दर टेस्टला त्याला त्रास देता येत नाही. म्हणून आपल्याच मशीनवर एक सोंग उभं करायचं, त्याला मॉक सर्व्हर म्हणतात. पानाला वाटतं आपण खऱ्याशी बोलतोय. मॉक काय उत्तर देणार ते आपणच लिहून ठेवलेलं असतं. म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायला नेण्याआधी माझा बाप मला घरीच सौदा शिकवायचा. रुमालाखाली माझी बोटं धरून स्वतः गिऱ्हाईक व्हायचा. सराव उत्तम व्हायचा. फक्त बाप शेवटी मी सांगितलेल्या किमतीलाच कबूल व्हायचा, आणि जत्रेतलं गिऱ्हाईक व्हायचं नाही. मॉकचं तसंच असतं. मॉक वापरण्यात काही पाप नाही, सगळे वापरतात. शेवटी एकदा खऱ्या बाजारात उभं राहावं लागतं, इतकंच.

मॉकमध्ये गावांची यादी भरायची होती. कुठलाही कागद समोर न घेता ती आम्ही दोघांनी एका दुपारी डोक्यातून भरली. गाव, आणि त्याखाली त्याचे पाडे, वाड्या. मी मुरबाडकडचे सांगायचो, ती शहापूरकडचे. एखादा माझा सुटला की म्हणायची, “दादा, माणसं राहतात तिथं!” खूप हसलो त्या दुपारी. आमच्या डोक्यात एकदाही आलं नाही की पाड्यांशिवाय गाव असा विचारही कुणी करत असेल. इथे जन्मलेल्या माणसाला ते सुचणारच नाही.

संस्थेच्या यादीत पाडे नव्हते. नुसती मोठी गावं होती.

हे आम्हाला कळलं. कळलं, हे नीट वाचा. मित्राला सांगताना मी इथे म्हणतो की त्यांनी सर्व्हर दिलाच नाही. त्यांनी दिला होता. मीच भांडून घेतला होता. काम पाडव्याला द्यायचं ठरलेलं, आणि त्यांचे साहेब म्हणत होते की सर्व्हरचा पासवर्ड पाडव्यानंतर देऊ. मी म्हटलं, आधी द्या, नाहीतर काम दुसऱ्याला द्या. फोन आपटला. दुसऱ्या दिवशी पासवर्ड आला. मी सुगंधाला म्हटलं, बघ, असं घ्यायचं असतं.

तिने मॉक बाजूला काढून टेस्ट खऱ्या सर्व्हरवर लावल्या. पाडवा दोन दिवसांवर होता. मी पलीकडे कुणाशी तरी फोनवर वाद घालत होतो. ती माझं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली.

“दादा, गावं बरी चालतात. पाडे नाय चालत. सगळे लाल.”

मी जाऊन पाहिलं. खरा सर्व्हर पाड्याचं नाव आलं की नोंद करत नव्हता. पण सरळ नाही म्हणतही नव्हता. ‘मिळालं’ म्हणायचा आणि नोंदणी क्रमांकाची जागा रिकामी ठेवायचा. आमचं पान नुसतं ‘मिळालं’ बघायचं आणि मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहायचं — टँकरची नोंद झाली. खाली क्रमांक नाही, पण तो कोण बघतो? सुगंधाच्या टेस्ट बघत होत्या. म्हणून त्या लाल.

दोन गोष्टी करायच्या होत्या. पानात एक छोटी दुरुस्ती — क्रमांक नसेल तर ‘नोंद झाली नाही’ असं सांगायचं. आणि साहेबांना एक फोन — तुमच्या यादीत पाडे टाका. बस. याहून जास्त काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे बैठकीला गेलो. फोन करायचीही गरज नव्हती, माणूसच समोर होता. मी सांगणार होतो — हे खरं आहे, पण यावरून मला काही सूट नको. साहेब म्हणाले, “गावात बसून तुम्ही हे सगळं करता, कौतुक आहे हो. पण आमच्या सर्व्हरवर चालवून बघितलंत ना? का घरच्या घरीच?” आणि शेजारी बसलेली बाई किंचित हसली.

एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. एक बाई किंचित हसली. कदाचित दुसऱ्याच कशाला हसली असेल. मी टेबलावर हात मारला, बशीत चहा सांडला, आणि मी म्हणालो, “चालवलं. सगळं हिरवं आहे. गावातली माणसं घरच्या घरी काम करत नाहीत.”

त्यानंतर पाडे कसे निघणार होते तोंडातून? ज्या सर्व्हरसाठी मी आकाशपाताळ एक केलं, त्याच सर्व्हरने माझं काम लाल दाखवलंय — हे त्या माणसापुढे, त्या बाईपुढे?

किन्हवलीच्या रस्त्याने परत येताना मी स्वतःलाच सांगत होतो की उद्या फोन करू. ऑफिसचा जिना चढलो तर सुगंधा दारातच.

“बोललात काय पाड्यांचं?”

“बोललो,” मी म्हणालो. हेल्मेट काढत होतो, त्यामुळे तिच्याकडे बघायची वेळ आली नाही. “भांडलोच जवळजवळ. टाकतायत यादीत. दोन दिवसांत.”

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “तुमी भांडलात म्हंजे झालंच,” ती म्हणाली.

खरं म्हणजे ती दोन दिवसांनी पुन्हा टेस्ट लावून बघणार होती. तिचा स्वभावच तसा. म्हणून मी काय केलं? ती जेवायला खाली गेली तेव्हा तिच्या मशीनवरून पासवर्ड पुसला, टेस्ट परत मॉकवर लावल्या आणि ती आल्यावर म्हणालो की त्यांनी सर्व्हर बंद केला आपल्याला, कामापुरताच दिला होता, असलीच माणसं ही. पासवर्ड माझ्या मोबाइलमध्ये होता आणि चालू होता. त्या दुपारी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. आमच्या सर्व्हरला सगळे पाडे ठाऊक होते.

पाडव्याला काम दिलं. पेढे वाटले. फोन मी केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरच्या आठवड्यात नाही. विसरलो असं म्हणायला मला फार आवडलं असतं. विसरलो नव्हतो. रोज आठवायचं, आणि रोज वाटायचं की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल.

सुगंधाच्या पाड्याला टँकर मिळवायची एक रीत होती. झरे आटले की बायका रिकामे हंडे घेऊन संस्थेच्या इकडच्या केंद्रावर जायच्या आणि फाटकासमोर बसायच्या. हंडे बडवायच्या. संध्याकाळपर्यंत कुणीतरी हो म्हणायचं. त्या वर्षी हंडे निघाले तेव्हा सुगंधाने त्यांना अडवलं. म्हणाली, उन्हातून कशाला जाता, हे पान मी बनवलंय, आमचे दादा साहेबाशी भांडून आपला पाडा टाकून आलेत. सगळ्यांदेखत तिने आपल्या मोबाइलवर पाडा निवडला, बटण दाबलं आणि मोबाइल फिरवून सगळ्यांना दाखवला. टँकरची नोंद झाली. हे तिने मला दुसऱ्या दिवशी किती आनंदाने सांगितलं! मी काय केलं? मी म्हणालो, “शाबास.”

शाबास म्हणताना मला माहीत होतं. तुम्हाला हे कळतंय ना? त्या क्षणी फोन केला असता तरी टँकर दोन दिवसांत पोचला असता.

तीन दिवसांनी ती म्हणाली, “दादा, टँकर आला नाय अजून.” मी म्हणालो, ढिली माणसं आहेत, बोलतो मी. पाचव्या दिवशी म्हणाली. सातव्या दिवशी म्हणाली नाही, नुसती माझ्याकडे बघून जागेवर बसली. क्रमांक आलेला नाही हे तिने पाहिलं नाही का, असं विचाराल. पाहिलं असेल. पण मी भांडून आलो होतो ना. तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

बायका तेवढे दिवस ओढ्यातल्या डवऱ्यावर जात होत्या. डवरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात वाटीवाटीने पाणी झिरपतं. तिकडे उतरायची वाट सगळी सुट्या दगडांची. आठव्या दिवशी सकाळी सुगंधाची आई भरला हंडा घेऊन वर येताना पडली. कंबरेचं हाड मोडलं. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं.

त्याच दिवशी पाड्यातल्या बायका हंडे घेऊन केंद्रावर गेल्या. दुसऱ्या दिवशी टँकर आला. आणि केंद्रावरच्या माणसाने त्यांना वही उघडून सांगितलं की तुमच्या पाड्याची नोंद कधी आलेलीच नाही.

मग काय व्हायचं ते झालं. पाड्यात जो तो म्हणायला लागला, पोरीने सगळ्यांना बसवून ठेवलं, स्वतःची शेखी मिरवायला. तिची काकू दवाखान्याच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाली, “जा गो, मोबाइलमधून पानी काढ आन पाज आता आईला!” हे मला नंतर सुगंधानेच सांगितलं, हसत. ते हसणं मला अजून विसरता येत नाही.

तिची आई पडली त्या दिवशी मी काय केलं, तेही सांगतो. ती सुट्टी मागून गेली, आणि मी पानातली दुरुस्ती केली. तासही लागला नाही. मग साहेबांना मेसेज केला, फोनसुद्धा नाही — काही पाड्यांची नावं राहिली आहेत, सोबत यादी जोडली आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं. धन्यवाद, टाकली, यादी पाठवलीत ते फार बरं झालं, आम्हाला ही नावं माहीतच नव्हती.

दहा मिनिटं. नम्र शब्द. ज्या माणसाच्या उर्मटपणावर मी आजवर माझं गाऱ्हाणं पोसलंय, त्याचं उत्तर हे होतं.

आठवड्याने सुगंधा आली. मला वाटलं आता विचारणार. तयारी केली होती मी, उलट आवाज चढवायची. ती म्हणाली, “दादा, त्यांनी यादीत टाकलंच नव्हतं बघा. तुमाला फसवलं त्यांनी.”

आणि मी चिडलो. खरंच चिडलो. साहेबाचा बाप काढला, संस्थेच्या नावाने बोटं मोडली, म्हटलं उद्याच जाऊन कॉलर धरतो. ती मला शांत करत होती. मला पाणी आणून दिलं तिने. सांगा, इतका अस्सल राग खोट्यासाठी येतो तरी कुठून? माझ्या रागाला मी आयुष्यभर माझा खरेपणा समजत आलो होतो.

महिनाभरात तिने नोकरी सोडली. तिच्या भावाने सोडायला लावली — कॉम्प्युटरवालीचं पाड्यात तोंड उरलं नव्हतं. भिवंडीकडच्या एका गोदामात लागली, खोक्यांवरची पट्टी यंत्राने वाचायचं काम. पाड्यात तिने बिचारीने शेवटपर्यंत सांगून पाहिलं की दादा भांडले होते, चूक संस्थेची. तिचं कुणी ऐकलं नाही. तिचा शब्द गेला तो गेला. नंतर पाड्यात काही ठरवायचं असलं की तिला कुणी बोलवत नव्हतं.

तिच्या जागी मी दुसरं कुणी घेतलं नाही. हाताखालची दोन पोरं आता आपापल्या घरून काम करतात. मी माळ्यावर एकटा असतो. खाली दुकानात दिवसभर पाइप कापतात, तो आवाज असतो, आणि माझा फोनवरचा आवाज असतो. सौदे अजून जिंकतो. घरी जातो, बायको विचारते आज काय झालं, मी सांगतो कुणाला कसं वाकवलं. ती जेवण वाढते. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, माझं खरं माहीत असलेलं एकही माणूस नसतं. आणि ते माझ्याच हाताने झालंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

गेल्या महिन्यात ती मुरबाडच्या स्टँडवर दिसली. लग्न झालंय आता. मीच चुकवून जाणार होतो, तिने हाक मारली. “दादा! वळखलं नाय काय?” शेजारी नवरा, साधासा मुलगा, हातात पिशव्या. तिने त्याला म्हटलं, “हे आमचे दादा. सांगितलं नव्हतं मी? पाड्यासाठी साहेबाशी भांडले ते.”

त्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि मला हात जोडले.

तेव्हा सांगता आलं असतं. उन्हात तिघेच उभे होतो, घाई कुणालाच नव्हती. मी म्हणालो, “भांडलो रे. पण ऐकतंय कोण?”

त्यांची गाडी लागली. चढताना ती वळून म्हणाली, “आई लय आठवण काढते तुमची. काठी घेऊन चालते आता, अंगणापुरती. म्हणते, आपल्यासाठी कोण भांडलं ते तेवढे दादाच.”

मी भांडलो नव्हतो. मी तोंडही उघडलं नव्हतं. तिला ते माहीत नाही, तिच्या आईला माहीत नाही. मी हात हलवला आणि गाडी वळेपर्यंत हलवत राहिलो.